माचावरचं जळाण

धुरावर मी आयुष्यभर जेवढं बोलले त्याच्या पाव हिस्सा जरी जळणावर बोलले असते, तरी माझ्या हातून एक चूक टळली असती. ती चूक इथं लिहून ठेवते आहे. धुराविरुद्ध बोलले याचा मला पश्चात्ताप नाही, हे आधीच सांगते. नाहीतर काही शहाणे लोक लगेच म्हणतील, बघा, शेवटी बाई जुन्यालाच चांगलं म्हणाली. तसलं काही नाही. धूर वाईटच. तो बाईचे डोळे खातो, छाती खातो, आणि त्याच घरातला पुरुष ओसरीवर स्वच्छ हवेत बसून ‘चहाचं काय झालं गं’ म्हणून हाक मारतो. हे मी विसाव्या वर्षी म्हणत होते, पन्नाशी ओलांडल्यावरही म्हणते. माझं चुकलं ते दुसरीकडं.

आमचं गाव गगनबावड्याच्या अलीकडं. कोल्हापूरहून एसटीनं निघालं की हळूहळू ऊस मागं पडतो, भाताची खाचरं लागतात, डोंगर अंगावर येतात, आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला ओल लागते. तिथं उतरायचं. ओढा ओलांडला की आमची बौद्धवस्ती, दहा-पंधरा घरं, मध्ये विहार, आणि प्रत्येक घराच्या ओसरीला जळणाची रास. परगावचा माणूस आला की त्याला घराआधी रास दिसायची. आमचे आबा उसाच्या हंगामात बिद्रीच्या कारखान्यावर कामाला जायचे, पाऊस लागायच्या आत भाताच्या कामाला परत यायचे. थोरली बहीण सुमन, तिला मी आक्का म्हणते, तिचं लग्न हुपरीला झालं होतं. दाजी चांदीच्या कारखान्यात पैंजणांना झळाळी द्यायचं काम करायचे. मी कोल्हापुरात वसतिगृहात राहून कॉलेज करत होते. म्हणजे वर्षाचे कित्येक महिने त्या घरात आई एकटी आणि तिची चूल.

आमच्याकडं पाऊस चार महिने. येतो-जातो असा नव्हे, राहायलाच येतो. त्या चार महिन्यांत जंगलात पाय घालता येत नाही, घातला तरी मिळेल ते लाकूड पाणी प्यालेलं. म्हणून चैत्र-वैशाखातच सगळी सोय करायची. मोठं लाकूड आमच्या नशिबी नव्हतं. ते ज्यांचं रान होतं त्यांचं. आमच्या वाटणीला यायच्या त्या बांधावरच्या आणि राबासाठी तोडलेल्या झाडांच्या फांद्या. राब म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागेवर पाला आणि डहाळ्या पसरून जमीन भाजून काढायची. त्यात पाला जळायला जायचा आणि अंगठ्याएवढ्या, मनगटाएवढ्या फांद्या बायका बाजूला काढायच्या. ऐन, किंजळ, जांभूळ. आई त्या डोक्यावरून आणून खळ्यावर टाकायची आणि सकाळच्या पारी ओंडक्यावर ठेवून कोयत्यानं तोडायची. सगळे तुकडे वीतभर, वीत आणि चार बोटं, त्याहून लांब नाही. खट्, खट्, खट्. माझ्या लहानपणी सुट्टीतली जाग या आवाजानं यायची. एक घाव, एक तुकडा. दोन घाव लागले की आई स्वतःवरच चिडायची, “हात बसला न्हाय आज.”

मग वाळवणं. लोकांना वाटतं, उन्हात टाकलं की वाळलं. पापड वाळतो तसं लाकूड वाळत नाही. साल वरच्या बाजूला राहिली तर आतलं पाणी आतच राहतं, म्हणून आई जाड तुकडे मधून उभे चिरायची, पहिले आठ दिवस चिरलेली बाजू उन्हाकडं करून मांडायची, मग उलटायची. संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून पाचटाखाली झाकायची, सकाळी पुन्हा पसरायची. मी वैतागून म्हणायचे, राहू दे की रात्रभर. ती म्हणायची, “दिवसा आटीवलेलं रात्री परत पाजायचं व्हय?” वाळलं की नाही हे ती बघून सांगत नसे. दोन तुकडे एकमेकांवर आपटायची. ओलं असेल तर थप्प असा मेलेला आवाज येतो. वाळलं असेल तर टण्ण वाजतं, टाळ वाजवावा तसं. घरात त्या दिवसांत सतत कुणी ना कुणी काटक्या वाजवत असायचं, आबासुद्धा, विडी पेटवायच्या आधी.

वाजणारे तुकडे ओसरीवर राशीला जायचे. खाली दगड, दगडावर जाड तुकडे, त्यावर बारीक, एक थर उभा, एक थर आडवा, मधून वारा जाईल इतकी फट. बाहेरून पाचटाची झड बांधायची, म्हणजे तिरका पाऊस आत येत नाही. पण रास म्हणजे शेवट नव्हे, आणि हेच मला कळलं नव्हतं. चुलीच्या वर, पुरुषभर उंचीवर, वाशांना टांगलेला बांबूचा माच असायचा, काळाकुळकुळीत, बांबूचं लाकूड आहे हे ओळखू येऊ नये इतका. रोज संध्याकाळी राशीतलं एका दिवसाचं जळाण त्या माचावर चढवायचं आणि चार दिवसांपूर्वी चढवलेलं उतरवायचं. खाली भाकरी भाजली जाते, वर उद्याचं जळाण भाजून निघतं. पावसाळ्यात हवाच ओली असते. वैशाखात टण्ण वाजलेलं लाकूड आषाढात राशीतल्या राशीत मऊ पडतं, त्याला पांढरी बुरशी धरते. माच ती ओल पुन्हा बाहेर काढायचा. त्याच माचावर एका कडेला सुकटीची टोपली, बियाण्याच्या काकड्या, मिरच्यांची माळ. सगळ्याला धुराचा वास. आमच्या भाकरीला, कपड्यांना, केसांना तोच वास. कोल्हापुरात वसतिगृहातल्या पोरी माझी ट्रंक उघडली की नाक मुरडायच्या. मला लाज वाटायची, आणि लाजेतूनच मी रागवायला शिकले.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी एका महिला संघटनेत जाऊ लागले. एका जुन्या इमारतीच्या माडीवर तिचं कार्यालय होतं, तिथं एक चक्रमुद्रण यंत्र होतं, आणि त्या यंत्रावर पत्रकं निघायची. मला तिथं लिहायला शिकवलं. पत्रकाचं शिक्षण फार चांगलं, आणि फार वाईट. चांगलं अशासाठी की पहिल्या ओळीतच मुद्दा मांडायची सवय लागते. वाईट अशासाठी की कागद संपला की तुमचं म्हणणं संपतं, आणि समोरच्याचं सुरूच होत नाही. मी लिहायचे: ‘बायांनो, तुमच्या डोळ्यांतलं पाणी दुःखाचं नाही, धुराचं आहे! ते कुणाच्या सोयीसाठी?’ वाक्यामागं उद्गारचिन्ह. त्या वर्षी संघटनेनं बिनधुराच्या चुलीचं काम हाती घेतलं होतं. दोन तोंडांची चूल, मागं सिमेंटचा पाइप, धूर कौलांवरून बाहेर. मी म्हटलं, सुरुवात माझ्या वस्तीतून.

थंडीच्या दिवसांत विहारात बैठक घेतली. कार्यालयातल्या एक ताई आल्या होत्या, पण बोलले मीच. बायका पदर सावरून बसल्या होत्या, ऐकत होत्या, हसत होत्या. मी जोरात होते. मग आमच्या शेजारच्या चंद्राकाकी उठल्या. हाडापेरानं मोठी बाई, आवाज ओढ्यापलीकडं जाईल असा. आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही ‘मी जातो, मी सांगतो’ म्हणतात, तशाच त्या बोलायच्या.

“मी एक इचारतो शशे. धूर भाईर गेला, बरं झालं. मग आखाडात जळाण कशावर वाळवायचं?”

मी म्हटलं, “उन्हात वाळवा, काकी.”

बायका फस्सकन हसल्या. “आखाडात ऊन? कोल्लापुरातनं आणतीस व्हय पिशवीतनं?” काकी म्हणाल्या, आणि पुन्हा हशा.

मी तिथं थांबायला पाहिजे होतं. पण ताई बघत होत्या, माझे कान तापले होते. मी म्हटलं, “ज्यांना गुलामीची सवय झालीय त्यांना निमित्त लागतंच. धुराचं कौतुक करणाऱ्या बायाच बायांच्या वैरी असतात.” हे वाक्य आदल्या महिन्याच्या पत्रकातलं, जसंच्या तसं. काकींनी माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, जरा निरखून, आणि त्या खाली बसल्या. पुढं त्यांनी तोंड उघडलं नाही. मला वाटलं, मी जिंकले.

पहिली चूल आमच्याच घरात बसली. आई हो म्हणाली ती मला पटवता आलं म्हणून नव्हे; लेकीनं भर बैठकीत बोलल्यावर तिच्या घरात जुनीच चूल राहिली तर लेकीला लोक काय म्हणतील, म्हणून. हे तिनं सांगितलं नाही, मला आता कळतं. गवंड्यानं दोन दिवसांत चूल उभी केली. संघटनेच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, चुलीवर पेट घेणारं काही टांगू नये. म्हणून माच मीच उतरवला. आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे की, खात न्हाय काय तो.” मी ऐकलं नाही. स्टुलावर चढून सुंभ कापले, बांबू खाली ओढले, काजळी डोक्यावर पडली, आणि अंगणात नेऊन कोयत्यानं त्यांचे तुकडे केले. ते तुकडे सुंदर जळाले. नव्या चुलीवरचा पहिला चहा त्यांच्यावरच झाला.

आणि खरं सांगते, चूल चांगली होती. आज कुणी तिची टवाळी केली तर मी भांडेन. पंधरा दिवसांत आईचा खोकला उतरला. ती भिंतीला पांढरी माती सारवू लागली, कारण आता सारवलेलं पांढरं राहत होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी गेले तर आई स्वयंपाक करताना गाणं म्हणत होती. मी तिला आधी कधी चुलीपुढं गाताना ऐकलं नव्हतं. धुरात तोंड उघडायची सोय नसते. त्या वर्षी तिनं नेहमीपेक्षा जास्त फांद्या आणल्या, जास्त बारीक तोडल्या, कारण नव्या चुलीचं तोंड लहान होतं. रास छपराला टेकली. ती काही बोलली नाही, पण तिला ठाऊक होतं. माच नाही म्हणून ती राशीवर भिस्त ठेवत होती.

आक्का पहिल्या बाळंतपणाला आषाढात आली. बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात सुखरूप झालं, मुलगी झाली, पण दिवस पुरे भरायच्या आत. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी घरी सोडताना आईला दोनदा बजावलं होतं: पोर हलकी आहे, तिची ऊब तुटू देऊ नका, खोली गरम ठेवा, अंगाला गार लागता कामा नये. मला कोल्हापूरला निरोप मिळाला तेव्हा पोर सात दिवसांची होती. मी शनिवारची एसटी धरली. खांद्याच्या पिशवीत पुढच्या आठवड्यातल्या मोर्चाची पत्रकं होती, वस्तीत वाटायला.

दुपारची वेळ होती, पण घरात शिरले तर काही दिसेना. बिनधुराच्या चुलीच्या घरात इतका धूर मी जुन्या चुलीच्या वेळीही बघितला नव्हता. ओलं जळाण फसफसत होतं, टोकाला फेस येत होता, पाइप काजळीनं चिकटून बंद झाला होता आणि चुलीच्या तोंडातून धूर उलटा घरात येत होता. आई जमिनीला गाल लावून फुंकणीनं फुंकत होती. डोळे लाल. रास उघडून बघितली तर वरपासून खालपर्यंत बुरशी. दोन तुकडे घेऊन मी आपटले. थप्प. दुसरे दोन घेतले. थप्प. रेशनचं रॉकेल आदल्या रात्री संपलं होतं. तोवर आई एकेक चमचा टाकून चूल पेटवत आली होती. आबा शेजारच्या गावात कोरडं लाकूड मिळतं का बघायला गेले होते. आतल्या खोलीत आक्का पोरीला पोटाशी धरून, तीन लुगडी पांघरून बसली होती.

“शशे, हिचे पाय बघ गं,” आक्का म्हणाली.

मी हात लावला. गार. थंडीत दगडाला हात लागतो तसे नव्हे, पण पोराच्या पायाला असू नये तसे गार. ती रडतही नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं.

वाचणाऱ्याला वाटेल, आता ही पत्रकं जाळणार. जाळली. त्यात मोठं काही नाही. पिशवीत कोरडा कागद होता, म्हणून जाळला. शंभरेक पत्रकं भसकन पेटली, दोन मिनिटं चुलीत उजेड पडला, वरच्या काटक्यांनी फक्त घाम गाळला, आणि विझलं. कागदावर पाणी तापत नाही. आई म्हणाली, “काकीकडं जा.”

मी उभीच राहिले. आमच्याकडं एक रीत आहे, कुठं लिहिलेली नाही पण सगळ्यांना ठाऊक. पावसाळ्यात शेजारणीकडं मीठ मागावं, पीठ मागावं, चुलीतला निखारा मागावा. माचावरचं जळाण मागू नये. कारण ते दिलं तर देणारीची चूल चार दिवसांनी विझते. माचावरचं जळाण म्हणजे पुढचे चार दिवस. ते कुणी मागत नाही आणि म्हणूनच कुणाला नाही म्हणायची वेळ येत नाही. आणि मला ते अशा बाईकडं मागायचं होतं जिला मी भर विहारात बायांची वैरी म्हटलं होतं.

“आई, तू जा.”

“मी न्हाय जात,” आई म्हणाली. आवाज चढवला नाही. “माच कुणी काढला? तू जा.”

इरलं डोक्यावर घेऊन गेले. दोन घरांमधलं अंतर वीस पावलं. मला ते कोल्हापूरएवढं वाटलं. काकी चुलीपुढं बसून नाचणीची भाकरी थापत होत्या. चूल जुनी, तीन दगडांची, ज्वाळ स्वच्छ पिवळा. वर माच भरलेला. मी दारात उभी राहून म्हटलं, “काकी, जळाण पायजे.” एवढंच. माफी वगैरे मागायचं मी घोकून आले होते, ते तोंडातून निघालंच नाही.

काकींनी भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी फिरवलं, हात धुतले. सगळं सावकाश. मला वाटलं, ही आता त्या बैठकीचं काढणार, आणि काढावं, मी ऐकून घेईन. त्या म्हणाल्या, “पोर कशी हाय?”

“पाय गार हायत.”

“आगं मग हितं काय उभी ऱ्हायलीस भुतावानी? चढ की वर!”

मी ओट्यावर चढून माचावरचं जळाण काढू लागले, त्या खालून ओटीत घेऊ लागल्या. “ते कडंचं नगो, ते काल चढवलंय. मधलं घे. मधलं. हां.” मी हाताला येईल ते दोन तुकडे सवयीनं आपटले. टण्ण. मला तिथंच रडू आलं. काकी म्हणाल्या, “धूर लागला व्हय डोळ्याला? तुमच्यात तर धूर नसतोय म्हणं.” एवढा एकच टोमणा. तो माझा हक्काचा होता.

मी भारा उचलून निघाले तसं त्यांनी हाक मारली. “आगं, मोकळी येऊ नगंस. येताना वलं आण.”

“वलं कशाला?”

“माझा माच रिकामा ठेवतीस व्हय? तुमचं वलं माझ्या माचावर, माझं वाळल्यालं तुमच्या चुलीत. चार दिसानं फिरवायचं. एवढं कॉलेज शिकलीस, आन् हे सांगाया लागतंय?”

असं ते सुरू झालं. पाच मिनिटांत आमच्या चुलीवर पाणी उकळत होतं. आबांनी आल्या आल्या पाइप खाली काढून काजळी खरवडली, धूर पुन्हा वर जाऊ लागला. आईनं विटा तापवून, फडक्यात गुंडाळून पोरीच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या, मातीच्या शेगडीत निखारे भरून खोलीच्या कोपऱ्यात ठेवले आणि वरचं एक कौल सरकवून हवेला वाट केली. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला पोरगी रडली. भसाड्या आवाजात, चांगली तासभर. आक्का तिला थोपटेना, नुसती ऐकत बसली. आबा ओसरीवरून म्हणाले, “रडू दे तिला. रडू दे.”

मी मोर्चाला गेले नाही. कार्यालयात कळवायला गगनबावड्याच्या एसटीडी बूथवर गेले. ताई फोनवर म्हणाल्या, घरगुती कारणं प्रत्येकीला असतात. त्याचा मला आजही राग आहे. त्या वाईट नव्हत्या, पण चुलीचं काम करणाऱ्या बाईला सात दिवसांची पोर घरगुती कारण वाटावं, यातच सगळं आलं. आणि तेच वाक्य महिन्याभरापूर्वी मीही कुणाला सहज ऐकवलं असतं, हेही खरं. पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी मी ओलं जळाण इरल्याखाली धरून काकींकडं न्यायचे, वाळलेलं आणायचे. काकी मला माच लावायला शिकवत होत्या: जाड तुकडे ज्वाळाच्या बरोबर वर नकोत, कडेला, बारीक मध्ये, साल खाली. मी वही घेऊन गेले तर म्हणाल्या, “लिवतीस कशाला? हात घाल.”

एका दुपारी मी आईला म्हटलं, “ही नवी चूल फोडून टाकूया. जुनी मांडून देते, माचही बांधते.” मला वाटलं, तिला बरं वाटेल. आई ताडकन उठली.

“खबरदार हात लावशील तर! माझा खोकला तू घेणार हाईस का? तवाबी मला न इचारता काढलंस, आता न इचारता फोडतीस. माझ्या घरातलं मला कोण इचारणार हाय का न्हाय?”

माझ्या सगळ्या पत्रकांत मिळून जेवढं होतं, तेवढं त्या एका वाक्यात होतं. मी विचारलं, आयुष्यात पहिल्यांदा, “तुला काय पायजे आई?”

तिनं उत्तर आधीच काढून ठेवलं होतं, फक्त विचारणारं कुणी नव्हतं. नव्या चुलीचा पाइप भिंतीच्या कडेनं वर जायचा, आणि चूल पेटलेली असली की तो हाताला चटका बसेल इतका तापायचा. आई म्हणाली, ऊब तर तिथनंच फुकट जातीया. आबांनी पाइपाच्या दोन्ही अंगांना, टीचभर अंतर सोडून, लोखंडी पट्टीचे कोन ठोकले, त्यावर नवे बांबू बांधले. दोन दिवसांनी आईनं तिथले तुकडे उतरवून आपटले. जुन्या माचासारखं टण्ण नाही वाजलं, पण वाजलं. त्या पावसात वस्तीतल्या बायका तो माच बघायला येऊन गेल्या. काकी आल्या, पाइपाला हात लावून बघितला, भाजल्यावर बोट कानाला लावलं आणि म्हणाल्या, “आता बसव माझ्यातबी. आन् गवंड्याला सांग, माच कुठं बांधायचा ते मी सांगतो.” कार्यालयाला मी तीन पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं की आराखड्यात बदल करायची सोय नाही. बायकांनी आराखड्याला न विचारता बदल केला.

आता आईच्या घरी गॅस आहे. सिलिंडर संपला की तीही माझ्यासारखीच फोन हातात घेऊन वैतागते. मागं एकदा एका सभेत एका तरुण मुलीनं मला विचारलं, तुमच्या कामाची सुरुवात कुठून झाली? तिला मोर्चा ऐकायचा होता. मी म्हटलं, वीस पावलांवरून. ती हसली, मला वाटतं तिला ते सुभाषित वाटलं.

त्याच वर्षी गौरी-गणपतीच्या सुमाराला दाजी आक्काला न्यायला येणार होते, पण चांदीचं काम निघालं आणि ते येऊ शकले नाहीत, म्हणून मीच तिला हुपरीला पोचवायला निघाले. पोरगी दोन महिन्यांची, गालाला बाळसं धरलेली, टोपड्यात गच्च. आईनं बाळंतविडा, डिंकाचे लाडू, कुंची, दुपटी, सगळं बांधून दिलं. आणि एसटी यायच्या वेळेला काकी धावत आल्या, डोक्यावर पोत्यात बांधलेला भारा. माचावरचं, मधलं, निवडून काढलेलं. मी म्हटलं, “काकी, हुपरीला कशाला? त्यांच्याकडं रॉकेलचा स्टो हाय.” काकींनी माझ्याकडं लक्षच दिलं नाही. भारा त्यांनी सरळ आक्काच्या पायाशी ठेवला, पोरीच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली, आणि पाऊस नको म्हणून माघारी पळाल्या.

गाडीत चढताना कंडक्टर भडकला. “ओ बाई, हे काय? जळाण? गाडी हाय का बैलगाडी?” त्यानं पोत्याचं तोंड उघडून आत बघितलं. “कुठं चाललाय? हुपरीला? मग तिकडं लाकूड मिळत न्हाय व्हय?”

“मिळतंय की,” आक्का म्हणाली. “वाळल्यालं मिळत न्हाय.”

कंडक्टर घाटाखालचा असावा की वरचा, ठाऊक नाही. पण त्यानं आक्काकडं बघितलं, तिच्या मांडीवरच्या टोपड्याकडं बघितलं. गाडीत सगळीकडं छत्र्यांचं पाणी वाहत होतं. त्यानं भारा उचलला, पुढं नेऊन इंजिनाच्या गरम झाकणावर ठेवला आणि ड्रायव्हरला म्हणाला, “ह्याला पाय लावू नगो रं. बाळंतिणीचं हाय.”